राम राम, टाकी चालू

दहिवली, कर्जत
८ डिसेंबर २०२४

प्रिय जगदीशदादा,

नमस्कार. तू बरा आहेस असं धरून चालते. आम्ही ठीक. थंडी पडलीय, सकाळी नदीवरून धुकं चढतं ते ऊन डोक्यावर येईस्तोवर हलत नाही. आईचे गुडघे दुखतात, पण ते तू रोज आमच्याकडे जेवायला होतास तेव्हाही दुखायचेच. आई तुझी रोज आठवण काढते.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसू नकोस. मी फोन किती केले ते तुझ्या फोनलाच विचार. उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे शांतता. तू नोकरीवर गेलास त्या होसूरच्या खोलीचा पत्ता भाऊच्या एका कुरिअरच्या पाकिटावर सापडला, म्हटलं चला, पत्राला निळ्या खुणा तरी नसतात. शिवाय भाऊचंच म्हणणं होतं ना, बोर्डाला हात लावायच्या आधी फॉल्ट कागदावर लिहून काढायचा, लिहिता लिहिता निम्मा कळतो. दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांना चिठ्ठ्या लिहायचात. तोंडं होती की रे दोघांना!

तर फॉल्ट लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण पद्धत म्हणजे पद्धत.

लोधिवलीच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी. विहीर खाली पायथ्याला, तिच्यावर सोलर पंप. टाकी वर, वाडीत. टाकीशेजारी पत्र्याच्या पेटीत तुम्ही दोघांनी बनवलेला बोर्ड. टाकीत पाणी किती आहे ते तो बघतो आणि खालच्या पंपाला चालू हो, बंद हो सांगतो. दसऱ्यानंतर तो बंद पडला. भाऊ तो काढून आणायला वर गेला. पुढचं तुला कळवलं होतंच, त्याबद्दल मी लिहिणार नाही. बोर्ड आता दुकानातल्या टेबलावर आहे. वाडीतल्या बायका पुन्हा हंडे घेऊन खाली उतरतात.

दहाव्याला तू आला नाहीस. का, ते विचारत नाही. पण काय झालं ते ऐक. नदीवर पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या उंबरावर नुसते बसून राहिले. मामा म्हणाले, ताईला सांभाळू. काका म्हणाले, संध्याचं लग्न लावून देऊ. ते ऐकून भाऊनेच कावळा उडवून लावला असता! आईपण काहीतरी बोलली. मी म्हटलं, दुकान मोडणार नाही. काही नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात मागून गोदूबाई पुढे आली. तीच ती, वाडीची म्हातारी, पेटीची किल्ली कमरेला बांधून फिरते ती. डोंगर उतरून आली होती. हात जोडून म्हणाली, "नवनाथा, तुझ्या मशीनला मी जपीन रं. दर दसऱ्याला माझ्या हातानं नारळ देईन. जा बाबा आता सुखानं." आणि कावळा उतरला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण मीसुद्धा हमसून हमसून रडले.

आता तो बोर्ड चालू करायचाय. कर्जतमधल्या दोघांना दाखवला, पनवेलला एकाला. सगळे म्हणतात, आत प्रोग्राम आहे, बनवणाऱ्यालाच कळणार. बनवणाऱ्यांपैकी एक तू, आणि तू फोन उचलत नाहीस. म्हणून मीच शिकायचं ठरवलंय. मी मेडिकलच्या काउंटरवर बसणारी, मला कॅप्सूल कळते, कपॅसिटर कळत नाही. भाऊचं सगळं सामान जिथल्या तिथे आहे. सुरुवात कुठून करू, एवढं सांग. दुसरं काही लिहावंसं वाटत नसेल तर लिहू नकोस.

उन्हाळ्याच्या आत व्हायला हवं. मार्च लागला की विहिरीची वाट त्या बायकांना जीवघेणी होते.

नवनाथची बहीण,
संध्या


दहिवली
१९ जानेवारी २०२५

प्रिय जगदीशदादा,

तुझं पार्सल मिळालं. लॅपटॉपला लावायची निळी पट्टी, पेनड्राइव्हएवढी ती काळी डबी, रंगीत वायरींचा जुडगा, सगळं नीट आलं. आणि चिठ्ठी. "काळी वायर आधी. ग्राउंड जोडल्याशिवाय बाकी काही जोडायचं नाही. टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. डबीचं नंतर सांगतो." बस्स. कशी आहेस, आई कशी आहे, एवढं लिहायला शाई संपली होती का रे? बरं, मीच म्हटलं होतं लिहू नकोस. पण माणसाने इतकंही ऐकू नये.

तर प्रगती. आधी मी नुसतं मीटरचं पीं पीं केलं. बोर्डावर ते बारके रुपेरी ठिपके आहेत ना, तपासायला ठेवलेले, त्यांच्याशेजारी भाऊने आकडे छापलेत. एका ठिपक्यावर लाल टोक, दुसऱ्यावर काळं, वाजलं म्हणजे आतून रस्ता आहे. कोणता ठिपका कुठे जातो त्याचा नकाशा मी हाताने काढला. आई वैतागली. म्हणाली, "काय गं त्ये पीं पीं? दुकान हाय का पिपाणीवाला?" मग व्होल्ट मोजले. एका ठिकाणी पाच, दुसरीकडे तीन पॉइंट तीन. दोन्ही बरोबर. म्हणजे पोटात अन्न आहे, तरी माणूस उठत नाही.

मग त्या तीन पिना, ज्यांच्यातून बोर्ड बोलतो. ग्राउंड आधी का, ते मला चूक केल्यावर कळलं. लॅपटॉपचा शून्य आणि बोर्डाचा शून्य एक झाला नाही तर याचे तीन व्होल्ट त्याला तीन वाटतच नाहीत. काळी वायर पक्की केली. पुढे मी शहाणीने बोलायची टीएक्स बोलायच्या टीएक्सलाच जोडली, ऐकायच्या आरएक्सला नाही. दोघंही बोलतायत आणि ऐकायला कोणी नाही, आपल्या दोन घरांसारखं. ते उलटं केलं तर स्क्रीनवर किडेमुंग्या यायला लागल्या. बोर्ड किती वेगाने बोलतो ते लिहायला तू विसरला होतास, दादा! एक एक वेग लावून बघत गेले, आणि एका वेगाला अक्षरं लागली.

इंग्रजी अक्षरांत, पण आपलंच. "राम राम. टाकी चालू."

खाली तेच आलं. राम राम, टाकी चालू. परत तेच. राम राम, टाकी चालू. बोर्ड उठतो, राम राम करतो, पडतो, परत उठतो. पान भरलं तरी थांबेना.

आईला हाक मारली. ती चष्मा लावून आली आणि म्हणाली, "हे नवानं लिवलंय?" मी म्हटलं हो. मला काय माहीत तुमच्यातलं कोणी लिहिलं! ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि घरात भाजी करपून गेली. दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून आले तर दारातच विचारते, "आज बोलला का गं?"

आता रोज विचारते. मी रोज लावून दाखवते.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते. सकाळी धुकं असतं तेव्हा हा प्रकार चालतो. दुपारी ऊन तापलं की एकदाच राम राम करतो आणि पुढचं काम सुरळीत करायला लागतो. सकाळी मेलेला, दुपारी ठणठणीत. असं का होईल? आणि ती काळी डबी कशी लावायची ते सांग. आता मला भीती वाटत नाही.

तू भाऊबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. मी वाट बघत होते.

संध्या


दहिवली
१६ मार्च २०२५

जगदीशदादा,

शिमगा झाला. आमच्याकडे यंदा सण नाही, तरी शेजारून पोळी आली. आई खात नव्हती, मी दटावून अर्धी खायला लावली. हे झालं कुशल. आता जे लिहायचंय ते लिहिते.

फेब्रुवारीच्या शेवटी हवा कोरडी झाली आणि बोर्ड सलग चालायला लागला. सकाळीसुद्धा. मला वाटलं, आपोआप सुधारला. आपोआप काही सुधारत नसतं हे मला मेडिकलच्या काउंटरवर बसून कळायला हवं होतं. मी वाघ्याला फोन केला. भाऊ ज्याला सापडला तो वाघ्या. तो लोधिवलीपर्यंत घ्यायला आला आणि मी पहिल्यांदा वाडीवर गेले.

पेटीत बोर्ड लावला. जरा वेळाने टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. बायका हसत होत्या, पोरं टाकीवर चढून ओरडत होती. गोदूबाईने मला कुशीत घेतलं. रात्री तिच्याकडेच राहिले. डोंगरात दव पडलं, आणि सकाळी पेटी उघडली तर दिवा लुकलुकत होता. राम राम, राम राम, राम राम. टाकी काय चालू होईना. बायकांनी हंडे उचलले आणि वाटेला लागल्या. गोदूबाई म्हणाली, "असू दे गं पोरी. हंडा काय आमच्या डोईला नवा नाय." त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोर्ड घेऊन खाली उतरले. वाघ्याने मधल्या खडकावर माझा हात धरला. तो खडक कोरड्या दिवसातसुद्धा गुळगुळीत आहे. वाघ्याला न विचारताच मला कळलं की हीच ती जागा. त्या दिवशी परतीचा पाऊस पडत होता. भाऊने रेनकोट काढून बोर्डाला गुंडाळला होता आणि तो पोटाशी धरून उतरत होता. एक हात त्यात अडकलेला. तुम्ही दोघं जायचात तेव्हा एकाने सामान धरायचं आणि दुसऱ्याने खडकाला आधी पाय लावून हात द्यायचा, असं ठरलेलं होतं ना? वाघ्याने सांगितलं. बोर्ड आम्हाला मिळाला तेव्हा कोरडा होता.

बघ, लिहिणार नाही म्हटलं होतं आणि लिहिलं.

आता खरं काय ते ऐक. मी हे सगळं वाडीच्या पाण्यासाठी सुरू केलं नव्हतं. आई तुझी रोज आठवण काढते असं लिहिलं होतं ना, तर आठवण म्हणजे शिव्या. "जग्या गणपतीनंतर पळाला म्हनून माझा नवा एकटा गेला." सकाळी चहाबरोबर एकदा, रात्री दिवा मालवताना एकदा. आणि मलाही तसंच वाटत होतं. नोकरी लागली म्हणून तू गेलास, त्याला माझी हरकत नाही. पण बोर्डातला प्रोग्राम तुझा होता. तो अर्धवट टाकून गेलास की काय, त्यात चूक होती की काय, ते मला शोधून काढायचं होतं. बोर्डाच्याच तोंडून ऐकायचं होतं आणि आईला वाचून दाखवायचं होतं. तू शिकवत होतास आणि मी तुझ्याच विरुद्ध पुरावा गोळा करत होते.

म्हणून तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं. इतकी मी वाईट झाले होते. तू लिहिलंस की चूक तुझीच असणार, एक भाग अपुरा राहिला होता आणि भाऊला म्हणाला होतास, चालतंय तोवर चालू दे. त्या वॉचडॉगचं समजावलंस. प्रोग्रामने अधूनमधून घंटी दाबत राहायची, ती दाबायची राहिली म्हणजे प्रोग्राम कुठेतरी अडकला, मग वॉचडॉग सगळ्यालाच झोपेतून उठवल्यासारखं पहिल्यापासून सुरू करतो. काळी डबी लावून बोर्डाला विचार, तू शेवटचा का पडलास, तो सांगेल, असं लिहिलंस. शेवटी लिहिलंस, "संध्या, तो माझ्यामुळे वर गेला." ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपले.

वाडीवरून आल्यावर लगेच विचारलं नाही. हवा कोरडी होती, बोर्ड पडतच नव्हता. मग एका डब्यात ओला फडका टाकला, त्यात बोर्ड ठेवला, झाकण लावलं. पडायला लागला. काळी डबी चार बारक्या वायरींनी जोडली, ग्राउंड आधी. प्रोसेसर जागच्या जागी थांबवला आणि बोर्ड का पडला याची नोंद राहते त्या, तू लिहिलेल्या खणात काय आहे ते वाचलं.

वॉचडॉगच्या घरात शून्य होता, म्हणजे बोर्ड त्याने पाडलाच नव्हता.

माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, मीच चुकीचं वाचतेय. मग तू सांगितलेलं केलं, प्रोग्राम मुद्दाम एका जागी अडकवून ठेवला. वॉचडॉग उठला आणि त्याच्या घरात एक आला. म्हणजे वाचन बरोबर होतं. ते पुसून बोर्ड परत ओल्या डब्यात घातला. पडला. वॉचडॉग शून्य, आणि बाहेरून बोर्ड पहिल्यापासून सुरू करायची जी रिसेट पिन, तिच्या घरात एक. परत केलं. परत तेच. बाहेरून काहीतरी त्याला खाली ओढतंय, दादा. आतला प्रोग्राम अगदी वेळच्या वेळी घंटी दाबत होता.

तुझी चूक नव्हती. अपुरा असेल, पण त्याने बोर्ड पडत नव्हता.

हे तुला फोन करून त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला ही बातमी नको होती. तुझ्यावर चिडायचं सोडलं तर माझ्या हातात काय राहतं, हे मला कळत नव्हतं. आता लिहितेय. वाचून झाल्यावर पोटभर जेव आणि झोप.

संध्या


दहिवली
११ मे २०२५

प्रिय जगदीशदादा,

गरम इतकं होतंय की पेन हातातून सटकतं. आई बरी आहे. तुझा फोन आला होता, मी मुद्दाम उचलला नाही. परतफेड नव्हे रे. जे सांगायचंय ते बोलता येणार नाही, आई बाजूलाच असते, म्हणून. हे पत्र वाचून फाडून टाक.

वाडीत पाणी चालू झालं. पंप सकाळी दव असतानाही चालतो, तुमचा बोर्ड एकदाच राम राम करतो आणि गप कामाला लागतो. मी गेल्या आठवड्यात जाऊन बघून आले. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुला ते गोड लागणार नाही.

रिसेटच्या ठिपक्यावर तीन पॉइंट तीन व्होल्ट हवे होते. कोरड्यात तेवढे यायचे. ओल्या डब्यात ठेवलं की एकच्या खाली उतरायचे, तेही स्थिर नाही, हलत राहायचे. माझ्या नकाशावर बघितलं तर ती रेघ टाकीच्या वायरींच्या कनेक्टरखालून जाते. तो कनेक्टर काढायला मला दोन बोटं भाजून घ्यावी लागली. खाली तपकिरी, चिकट साय होती, सरबत सांडून वाळल्यासारखी. त्यात लाल कण. नखाने खरवडून बघितलं. कुंकू.

मला आधी भाऊचाच राग आला. तोही खंडेनवमीला सगळ्या मीटरांना, सोल्डरगनला कुंकू लावायचा. पण तो टिकली लावायचा, बाहेरून. हे आत, कनेक्टरच्या पोटाखाली गेलेलं होतं. असो म्हटलं. स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने सगळं स्वच्छ केलं, नवा कनेक्टर लावला, न्हाणीघरात कढत पाण्याच्या बादलीवर बोर्ड टांगला. वाफेने भिंती गळायला लागल्या, बोर्ड पडला नाही. वरून वॉर्निशचा हात दिला आणि वाघ्याला फोन केला.

गोदूबाईने कमरेची किल्ली काढून पेटी उघडली. मी बोर्ड बसवला. वायरी लावायच्या आधी ती म्हणाली, "थांब गं, कुकू लावू दे." आणि चिमूट थेट बोर्डाकडे नेली. मी तिचा हात धरला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, दसऱ्याला काय केलं होतंत?"

तिला इतका आनंद झाला विचारल्याचा! म्हणाली, "बाकीची पत्र्याला हार घालून मोकळी व्हतात. पत्र्याला काय पुजायचं, पोरी? आतला जीव पुजला मी. किल्ली माझ्याकडंच हाय ना. कुकू लावलं, नारळ वाढवला, त्याचं पाणी आंब्याच्या पानानं शिंपलं त्याच्यावर. गार गार वाटलं असंल त्याला. नवनाथ म्हनायचा, मावशे, ह्ये लेकरू तुझ्या ओटीत टाकलंय. मंग लेकराला नको का?"

दादा, तेव्हा कळलं. नारळाचं पाणी वाळून ती साय झाली. ओल आली की तिच्यातून वीज पाझरायची आणि रिसेट खाली ओढला जायचा. बोर्ड दसऱ्यानंतरच का पडला, ते त्या म्हातारीच्या तोंडून, तिच्या अंगणात, तिचा हात हातात घेऊन मी ऐकलं. आणि बोर्ड पडला म्हणून भाऊ वर गेला.

मी म्हटलं, "छान केलंत, मावशी."

दुसरं काय म्हणणार होते? तिने त्याला लेकरासारखं पुजलं. सत्तरी ओलांडलेली बाई, भाऊचं नाव काढलं की अजून डोळे पुसते. तिला हे कळलं तर ती अन्नाला शिवणार नाही. वर कावळा शिवला तोही तिच्याच नारळाच्या शब्दावर. भाऊला जायचं होतं म्हणून तो शब्द चालला, की कावळ्याला फक्त भूक लागली होती, मला माहीत नाही. आणि आता मला ते माहीत करून घ्यायचंही नाही.

पाणी पडायला लागलं तेव्हा ती टाकीला कान लावून उभी राहिली. म्हणाली, "आला गं नवनाथ." मी हो म्हटलं.

आता तुझ्याबद्दल. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय झाल्तं मशीनला?" मी म्हटलं, ओल गेली होती आत. आई म्हणाली, "मंजे जग्यानं धड बनवलंच नव्हतं." काय सांगू? तू निर्दोष म्हटलं तर ती विचारणार, मग कोण? आणि एकदा कळलं की ती तशीच वाडीवर जाऊन उभी राहील, तू ओळखतोस तिला. तिला कोणीतरी हवंय, दादा. तू नाहीस तर गोदूबाई. मी गप्प बसले. तुझं नाव निघालं असताना, सगळं माहीत असून, गप्प बसले.

तुझ्याकडे मागणं हेच आहे. हे तू आपल्या अंगावर राहू दे. आई दोष देईल, तुझ्या गावी पळसदरीपर्यंत ते पोचेल, तुझ्या घरचेही ऐकतील. तू खुलासा करू नकोस. मला कळतंय मी काय मागतेय. ज्या माणसाला पकडायला मी निघाले होते, तो सुटल्यावर त्यालाच म्हणतेय की आत बस. तू नाही म्हणालास तर मी रागावणार नाही. पण तू नाही म्हणणार नाहीस असं वाटतं म्हणूनच लिहिलं.

एक मात्र आईला सांगून टाकलं. ती अजून लॅपटॉपसमोर बसते, बोर्ड गेला तरी. मी त्या ओळीचा फोटो काढून ठेवलाय, तो उघडून बघते. तू फेब्रुवारीत लिहिलं होतंस की ती ओळ तू टाइप केलीस, भाऊ "नको रे, गावठी दिसतं" म्हणत असताना. ते सांगितलं. म्हटलं, आई, हा राम राम जगदीशदादाचा आहे. तिने फोटो बंद केला नाही. त्या रात्री दिवा मालवताना तुझी आठवण काढली नाही.

आणि दहाव्याला आई काहीतरी बोलली असं लिहिलं होतं ना, तेही आता लिहिते. ती म्हणाली होती, "नवा, त्या जग्याला मी दारात उभा करनार नाय." त्यावर कावळा हलला नव्हता. तिला हे मी कधीतरी सांगणार आहे, आज नाही.

दसऱ्याला गोदूबाई नारळ वाढवणारच. शब्द दिलाय, तो मी मोडू देणार नाही. भाऊने बनवलेला पहिला बोर्ड, तो कधी चाललाच नाही तो, दुकानाच्या फळीवर होता. तो मी गेल्या आठवड्यात नेऊन पेटीच्या दाराला आतून लावलाय, समोरच दिसेल असा. म्हटलं, मावशी, कुंकू याला, नारळ याला, हा मोठा भाऊ आहे. तिला ते पटलं. खरा बोर्ड त्याच्यामागे, प्लास्टिकच्या डब्यात बंद. म्हातारीला फसवलं. तू असतास तर तुला दुसरं काही सुचलं असतं का?

तू दसऱ्याला ये. दहिवलीत येऊ नकोस, आई दार उघडणार नाही. लोधिवलीला उतर, मी तिथे थांबते, आपण थेट वर जाऊ. तुझा अपुरा राहिलेला भाग पुरा करून टाक. आणि परतताना त्या खडकावर आधी तू पाय लाव आणि मला हात दे. वाघ्या देतो, पण त्याला कळत नाही मी तिथे का थांबते.

पत्राच्या शेवटी आईचा आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. चारही पत्रांत मी तो लिहिला नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. खोटा लिहायचा नव्हता. तोवर माझाच नमस्कार घे.

तुझीच धाकटी बहीण,
संध्या